रीस्टार्ट मारू का?

"मॅम, रीस्टार्ट मारू का?"

गेल्या दिवाळीत हे वाक्य मी एका संध्याकाळी निदान दहा वेळा ऐकलं. स्पीकरफोनवर. एका गच्चीवर बसून. खाली अंगणात पोरं भुईचक्रं फिरवत होती आणि वर माझी मैत्रीण, मांडीवर लॅपटॉप, शेजारी मोबाइलचा हॉटस्पॉट आणि ताटलीत अर्धवट खाल्लेली करंजी, अशा थाटात पुण्यातल्या एका सर्व्हरशी कुस्ती खेळत होती.

गच्ची तेरखेड्यातली. धाराशिव जिल्हा, वाशी तालुका, सोलापूर-धुळे हायवेलगतचं गाव. फटाक्यांच्या कारखान्यांमुळे याला 'महाराष्ट्राची शिवकाशी' म्हणतात. दिवाळीआधी हायवेवरच्या दुकानांसमोर लांबलांबच्या गाड्या लागतात, हे तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल तर पाहिलंच असेल. मला फटाक्यांवर एक स्टोरी करायची होती आणि तेरखेडा हे माझ्या मैत्रिणीच्या मामाचं गाव. ती हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळते. डील साधं होतं : मी स्टोरी करायची, तिने भाऊबीज उरकून झोपा काढायच्या. (तिचं नाव छापायचं नाही, अशी अट आहे. आपण तिला अ‍ॅडमिनबाई म्हणू.)

झोपा कसल्या? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. तिच्या कंपनीने एका शिक्षणसंस्थेसाठी परीक्षेचे फॉर्म भरायची वेबसाइट बनवली आहे आणि त्याच रात्री बारा वाजता फॉर्मची मुदत संपत होती. (दिवाळीच्या सुट्टीत डेडलाइन ठेवण्याची आयडिया कोणाच्या सुपीक डोक्यातली, हे मला आजवर कळलेलं नाही.) सकाळपासून साइट चाळीस मिनिटं चालायची, मग धापा टाकायची, मग '५०३' असा आकडा तोंडावर फेकून बसायची. ऑफिसात एकटाच थांबलेला ज्युनिअर रीस्टार्ट करायचा. पुन्हा चाळीस मिनिटं. असं चार वेळा झालं होतं. पाचव्या वेळेआधी त्याने तिला फोन केला, म्हणून ही गोष्ट.

५०३ म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या आई-बापांना आता समजावून सांगायची गरज नाही. २१ मे २०२५ ला अकरावीची राज्यभराची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सुरू व्हायची होती आणि पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडलं. नोंदणी २६ मेपर्यंत पुढे गेली. साइट बंद पडली की बाहेरच्या माणसाला फक्त फिरणारं चक्र दिसतं. आत काय होतं ते मी त्या गच्चीवर पहिल्यांदा पाहिलं.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू या, कारण माझाही होता. आपण 'मेमरी फुल्ल' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घालतो. एक रॅम, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम चालू असतं तेवढंच सामान त्यावर. दुसरी डिस्क, म्हणजे माळा. सामान तिथे पडून राहतं. ओटा भरला की स्वयंपाक थांबतो. माळा भरला की नवा डबा ठेवायला जागा नसते. अ‍ॅडमिनबाईच्या सर्व्हरचा ओटाही भरला होता आणि माळाही, आणि ही एकमेकांना लागलेली दुखणी होती. हे कळायला आम्हाला साडेनऊ वाजले.

माळ्यापासून सुरुवात झाली. 'डीएफ' नावाची कमांड मारली की कुठली डिस्क किती भरली ते दिसतं. उत्तर आलं, शंभर टक्के. पन्नास जीबीची डिस्क, एक बाइट शिल्लक नाही. मग कोणी खाल्ली? त्यासाठी 'डीयू'. आणि इथे गंमत. डीयू म्हणते, सगळ्या फायली मिळून जेमतेम बारा जीबी. उरलेले अडतीस जीबी गेले कुठे?

अ‍ॅडमिनबाई दोन सेकंद गप्प. मग एकदम करड्या आवाजात फोनवर : "तू काही डिलीट केलंस का?"

पलीकडे शांतता. मग बारीक आवाजात, "मॅम, ती एक लॉगची फाइल खूप मोठी झाली होती..."

आता ही लॉग फाइल म्हणजे काय? दुकानदाराची रोजकीर्द असते ना, सकाळी सात दोनला अमका आला, सात तीनला तमुक नेलं, तशी सर्व्हरची वही. कोण आलं, काय मागितलं, काय बिघडलं, सगळं वेळेसकट. ही साइट 'टॉमकॅट' नावाच्या सर्व्हरवर चालते. जावात लिहिलेल्या वेब अ‍ॅप्लिकेशनसाठी तो जगभर वापरतात, फुकट आहे आणि दणकट आहे. पण त्याची एक खोड आहे. लिनक्सवर त्याची 'कॅटलिना डॉट आउट' नावाची वही आपणहून पान उलटत नाही. एकाच पानावर लिहीत जाते, जागा संपेपर्यंत. रोज नवी वही उघडायची, जुनी दाबून बांधायची, पंधरा दिवसांपूर्वीची रद्दीत द्यायची, हे काम 'लॉगरोटेट' नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो आणि तो लावावा लागतो. इथे लावलेला नव्हता. त्यात महिन्यापूर्वी कोणीतरी एक बारीक चूक शोधण्यासाठी लॉगची पातळी 'डीबग' वर नेली. म्हणजे वही लिहिणाऱ्याला सांगितलं, की गिऱ्हाईक शिंकलं तरी लिही. चूक सापडली, दुरुस्त झाली, सगळे पिझ्झा खायला गेले. डीबग तसाच राहिला!

बरं, फाइल उडवली तर जागा परत का आली नाही? हा फंडा मला फार आवडला. लिनक्समध्ये फाइल डिलीट करणं म्हणजे फक्त तिचं नाव यादीतून खोडणं. एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती उघडून धरली असेल, तर तो सोडेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. टॉमकॅट अजून त्याच अडतीस जीबीच्या, आता बिननावाच्या वहीत लिहिण्याची धडपड करत होता. भाडेकरूचं नाव पाटीवरून काढलं म्हणून खोली रिकामी होते का? तसं.

"मॅम, मग रीस्टार्ट मारू? जागा येईल."

"अजिबात नाही!" अ‍ॅडमिनबाई एवढ्या जोरात ओरडली की खालून मामींनी विचारलं, काय गं झालं.

रीस्टार्ट केलं असतं तर जागा आली असती हे खरं. पण टॉमकॅटने हात सोडताच ती वही कायमची गेली असती, आणि साइट का मरते याचा एकमेव साक्षीदार ती होती. मात्र ज्या कारणाने जागा अडली होती, त्याच कारणाने वही अजून जिवंत होती. लिनक्स प्रत्येक चालू प्रोग्रॅमच्या उघड्या फायली 'प्रॉक' नावाच्या कप्प्यात दाखवतो, खोडलेल्यासुद्धा. तिथून तिने वहीचा शेवटचा तुकडा 'टेल' ने उचलला, दाबून छोटा केला आणि दुसऱ्या मशीनवर ओतला. त्यानंतर त्याच वाटेने ती बिननावाची फाइल आतून रिकामी केली. रीस्टार्ट न करता अडतीस जीबी मोकळे. ज्युनिअर पलीकडे "वॉव" म्हणाला. मीही म्हटलं असतं, पण तोंडात करंजी होती.

खरं तर फाइल उडवायचीच नसते, तिला शून्यावर आणायचं असतं. 'ट्रंकेट' म्हणतात त्याला. नाव राहतं, जागा सुटते. हे वाक्य आठवून ठेवायला हरकत नाही, ऑफिसात कधीतरी भाव खाता येईल.

आता वहीत काय होतं? पानोपानी एकच आरोळी : आउट ऑफ मेमरी, जावा हीप स्पेस. जावाच्या प्रोग्रॅमला रॅममधला एक ठरावीक तुकडा मिळतो, त्याला हीप म्हणतात. या सर्व्हरवर आठ जीबी रॅम होती, त्यातली चार जीबी हीपला दिलेली. वापरून झालेल्या वस्तू उचलायला जावात कचरा गोळा करणारा असतो, 'गार्बेज कलेक्टर' असंच त्याचं नाव. तो कोणी धरून न ठेवलेल्या वस्तूच उचलतो. सगळ्याच वस्तू कोणीतरी धरून ठेवल्या असतील, तर तो बिचारा नुसता फिरत राहतो. काही उचलता येत नाही आणि सगळा प्रोसेसर त्याच्या फेऱ्यांतच जातो. बाहेरून दिसतं ते हेच, साइट 'स्लो' झाली.

ज्युनिअरची पुढची सूचना : "हीप सात जीबी करू या का?" साहजिक विचार. पण अ‍ॅडमिनबाईने तोही उडवला. जावाला हीपशिवायही मेमरी लागते, प्रत्येक धाग्याची वेगळी, क्लासची वेगळी. आठ जीबीच्या मशीनवर सात जीबी हीप दिली, की ऑपरेटिंग सिस्टिमलाच रॅम पुरत नाही. मग लिनक्स आपला 'ओओएम किलर' पाठवतो. तो सगळ्यात लठ्ठ प्रोग्रॅम हेरतो आणि सरळ ठार करतो. जावाच्या लॉगमध्ये त्याचं अवाक्षर येत नाही, फक्त कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळ. माणसं मग आठवडाभर भुताटकी शोधत बसतात.

तिला हवा होता हीप डंप. म्हणजे ओट्यावर या क्षणी काय काय पडलंय त्याचा फोटो. चार जीबीची फाइल होते, म्हणून तर आधी माळा रिकामा करावा लागला. डंप घेताना साइट काही मिनिटं पूर्ण गोठते. नेमका तेव्हाच साहेबांचा फोन. त्यांचा आवाज स्पीकरवर नव्हता, तरी मला ऐकू येत होता. हजारो मुलांचे फॉर्म अडलेत, संस्थेचे लोक फोनवर फोन करतायत, आणि तू फोटो काढत बसलीस? अ‍ॅडमिनबाईचा चेहरा पांढरा पडला. इन्क्रिमेंटची मीटिंग पंधरा दिवसांवर होती, हे मला माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "सर, आत्ता रीस्टार्ट केलं तर चाळीस मिनिटांनी परत पडेल. आणि त्याच्यानंतर वीस मिनिटांनी. मला पाच मिनिटं द्या." मग फोन ठेवला. म्हणजे, तिने ठेवला!

डंप लिहिला जात असताना तिने मला मंगळावरची गोष्ट सांगितली. बहुधा स्वतःला धीर द्यायला. 'स्पिरिट' नावाची नासाची गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली. १८ दिवस झकास चालली आणि मग २१ तारखेला तिचं बोलणंच बिनसलं. आपोआप रीबूट व्हायची, पुन्हा पुन्हा, साठाहून जास्त वेळा. रात्री झोपायचीही नाही, बॅटरी उतरत चाललेली. कारण काय निघालं? तिच्या फ्लॅश मेमरीत फायलींची गर्दी झाली होती, पृथ्वीहून मंगळापर्यंतच्या सात महिन्यांच्या प्रवासातल्या जुन्या फायलींसकट. उठल्याबरोबर त्या सगळ्या फायलींची यादी रॅममध्ये घ्यायला जायची, रॅम पुरायची नाही, आणि पुन्हा रीबूट. म्हणजे हुबेहूब आमचाच प्रकार, फक्त करोडो किलोमीटर लांब. तिथे इंजिनिअरांनी तिला फ्लॅशकडे न बघता उठायला सांगितलं, मग शांतपणे जुन्या फायली उडवल्या. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी मार्च २०१० पर्यंत बोलत राहिली.

"त्यांच्याकडे कोणी रीस्टार्ट मारू का म्हणत नव्हतं," अ‍ॅडमिनबाई म्हणाली, "गाडीच स्वतः मारत होती."

डंप झाला, मग रीस्टार्ट झाला, साइट उठली. डंप उघडून बघायचं काम ऑफिसातल्या मशीनवर ज्युनिअरने केलं. आणि पोराने केलं बरं का, चोख. चार जीबीपैकी जवळजवळ सगळी जागा एकाच प्रकारच्या वस्तूंनी अडवली होती. विद्यार्थ्यांचे फोटो!

झालं होतं असं. फॉर्म भरताना मुलं फोटो आणि सही अपलोड करतात. फॉर्म पूर्ण होईपर्यंत प्रोग्रॅम ते दोन्ही त्या मुलाच्या 'सेशन' मध्ये, म्हणजे ओट्यावरच, धरून ठेवत होता. आजकालच्या फोनचा फोटो सहज पाच एमबीचा. पाच एमबी गुणिले आठशे मुलं, झाले चार जीबी. टॉमकॅटचं सेशन मुळात अर्ध्या तासाने आपोआप मरतं. मग अडचण काय? अडचण ही, की मागच्या वर्षी खेड्यांतल्या मुलांनी तक्रार केली होती : नेट स्लो आहे, फॉर्म भरता भरता लॉगआउट होतं. तेव्हा कोणीतरी दयाबुद्धीने ती मुदत आठ तास करून टाकली. आता एकदा चढवलेला फोटो आठ तास ओट्यावरून हलत नव्हता.

आणि माळा भरल्यावर? फॉर्म जमा होत होता, पण पावतीची पीडीएफ डिस्कवर लिहिता येत नव्हती. पावती दिसली नाही की मूल समजणार, फॉर्म गेलाच नाही. मग ते पुन्हा नव्याने सुरू करणार. नवं सेशन, नवा फोटो, आणि डीबगच्या वहीत आणखी चार पानं. ओटा माळ्याला भरत होता, माळा ओट्याला.

हे ऐकत जिन्यात उभी असलेली अ‍ॅडमिनबाईची मामेबहीण हळूच म्हणाली, "ताई, मी सकाळपासून सहा वेळा भरलाय की."

आम्ही दोघी वळून बघायलाच लागलो. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फॉर्म याच साइटवर. दिवसभर कधी स्वतःच्या फोनवरून, कधी दादाच्या, कधी बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडून, सहा वेळा प्रयत्न करून झाले होते. आमच्या कामात लुडबुड नको म्हणून गप्प बसली होती, आणि फॉर्म गेला नाही तर लेट फीचे पैसे पप्पांकडे कसे मागायचे हा घोर एकटीच करत होती. सहा सेशन, तीस एमबी. अ‍ॅडमिनबाईच्या त्या चार जीबीच्या दुखण्यात तिच्या घरच्या पोरीचाही वाटा होता.

रात्री सव्वादहाला सेशनची मुदत परत अर्ध्या तासावर आली, डीबग बंद झाला, आणि संस्थेने मुदत दोन दिवस वाढवून दिल्याची नोटीस टाकली. फोटो ओट्यावर न ठेवता थेट वेगळ्या डिस्कवर लिहिण्याची खरी दुरुस्ती पुढच्या आठवड्यात झाली.

मामा जेवण आटपून वर आले. आयुष्याची बरीच वर्षं फटाक्यांच्या कारखान्यात घालवलेला माणूस. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "लिवायची वही अन् चालू माल एकाच खोलीत ठिवलाय व्हय?"

आता बघा, फटाक्याच्या कारखान्यात दारू मिसळायची खोली वेगळी, भरायची वेगळी, तयार माल ठेवायचा वेगळा. एका खोलीत किती माल आणि किती माणसं यावर बंधन, दोन खोल्यांत ठरावीक अंतर. स्फोटकांच्या नियमांतच आहे ते. कारण एक पेटली तर दुसरी वाचली पाहिजे. तेरखेड्यात दुर्घटना झाल्या आहेत, माणसं गेली आहेत, म्हणून मामा हे बोलतात तेव्हा ते पुस्तकी वाटत नाही. सर्व्हरवर लॉगसाठी डिस्कचा वेगळा भाग ठेवायचा, म्हणजे वही भरली तरी पावती छापायची जागा शिल्लक राहते. अ‍ॅडमिनबाई हे शिकली होती, पण केलं नव्हतं. तिने मान्य केलं.

छोटी कंपनी आहे म्हणून असं होतं, असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाचे जपानमधले चौदाच्या चौदा कारखाने एक दिवस थांबले. डेटाबेसची साफसफाई चालू असताना डिस्कची जागा संपली, पार्ट्सच्या ऑर्डरी घेणारी सिस्टिम बंद पडली. पर्यायी सर्व्हर होता, पण तो त्याच सिस्टिमवर, त्यामुळे तोही गळपटला.

आणि एक गोष्ट, जी मला त्या रात्री सगळ्यात जास्त खटकली. डीबगच्या त्या वहीत मुलांचे मोबाइल नंबर होते, जन्मतारखा होत्या, चक्क ओटीपीही होते. वाचता येतील असे, उघडे. ट्विटरने मे २०१८ मध्ये कबूल केलं होतं की लोकांचे पासवर्ड त्यांच्या अंतर्गत लॉगमध्ये न झाकता लिहिले जात होते, आणि ३३ कोटींहून अधिक लोकांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. आपण साइटवर काहीतरी टाइप करतो, तेव्हा ते कुठल्या वहीत उतरतं आणि ती वही कोण वाचतं, याचा विचार मी तरी आजवर केला नव्हता. अ‍ॅडमिनबाईने उचललेला तुकडा काम झाल्यावर पुसला, माझ्यासमोर. आता ओटीपी लिहिणारी ती ओळ प्रोग्रॅममधून काढली आहे म्हणते. वही रोज बदलते, चौदा दिवसांच्या ठेवते, आणि डिस्क ८० टक्के भरली की तिला मेसेज येतो.

साहेब? दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेला पाठवलेल्या ईमेलमध्ये 'आमच्या टीमने तत्परतेने' असं काहीतरी लिहिलं. इन्क्रिमेंटबद्दल विचारलं तर अ‍ॅडमिनबाई विषय बदलते.

मामेबहिणीचा फॉर्म त्या रात्री पावणेअकराला, सातव्या प्रयत्नात गेला. पावती आली. फक्त त्या पावतीवर तिचा फोटो आडवा छापला गेलाय, तो बदलून घ्यायला तिला कॉलेजात चक्कर मारावी लागली.